पतंगाने अंडी कुठे घातली, हे कुणी विचारत नाही

तूर फुलावर आली की सोलापूर जिल्ह्यात तोच वाद दरवर्षी नव्याने पेटतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शीच्या पट्ट्यात शेंगा पोखरणारी अळी दिसू लागते आणि कृषी सेवा केंद्राच्या पायरीपासून मेळाव्याच्या मंडपापर्यंत माणसे दोन बाजूंना उभी राहतात. एक बाजू म्हणते, फवारणीला पर्याय नाही. पहिली कशाची आणि दुसरी कशाची, एवढेच सांगा. दुसरी म्हणते, औषधांनीच शेतीचे वाटोळे केले. देशी वाण लावा, पंप बाजूला ठेवा, निसर्ग आपले बघून घेतो. दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात. त्यांच्या बोलण्यात अळी असते, औषध असते, मित्रकीटक असतात, सरकारही असते. नसते ते फक्त पीक. एका बाजूला ते असहाय रोगी वाटते, दुसऱ्या बाजूला सगळे काही परस्पर निभावून नेणारे दैवत. ते काय करते, कधी करते आणि कुठे कमी पडते, हे कुणीच विचारत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. किडीशी पहिला सामना झाड स्वतः करते, आणि त्या सामन्याची ताकद वाणागणिक बदलते. म्हणून वाण निवडताना, बियाण्याची शिफारस करताना आणि फवारणी ठरवतानाही पहिला प्रश्न असा हवा: या वाणावर पतंग किती अंडी घालतो आणि त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांपैकी किती जगतात? औषधाचा प्रश्न त्यानंतरचा. आज आपण दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि पहिल्यापर्यंत कधी येतच नाही.

झाड सामना करते म्हणजे नेमके काय करते, हे कळायला आपल्या हरभऱ्याकडे पाहावे. दव पडलेल्या हरभऱ्यावर पहाटे स्वच्छ फडके फिरवायचे, ते पिळून निघालेले आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचे आणि पोटदुखीवर द्यायचे, ही जुनी रीत आहे. ती आंब येते कुठून? हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते, आणि त्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले पाझरतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसले की यातले ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीची, म्हणजे तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या त्याच अळीची, वाढ खुंटवते. म्हणजे आपण ज्याला पोटाचे औषध मानले, ती हरभऱ्याची स्वतःची तटबंदी आहे. आणि ती सर्व वाणांत सारखी नसते. कुठे आम्ल जास्त, कुठे कमी. पाण्यात विरघळणारी ही आम्ले पावसाने धुऊनही जातात. ढगाळ हवा आणि अवेळी सरी आल्या की घाटेअळी वाढते असे शेतकरी सांगतात. त्या वाढीत धुऊन गेलेल्या आंबेचा वाटा किती, हे शेतात मोजून पाहण्यासारखे नाही का?

ज्वारीचेही तसेच. कोवळे कडवळ जनावरांना घालू नये, विषबाधा होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. पान चावले गेले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. गाईला जे विष, ते ज्वारीसाठी सर्वात नाजूक वयातले संरक्षण. तुरीची कथा उलटी आहे. तुरीच्या रानटी भावकीत एक वेल आहे, कॅजॅनस स्कॅराबिऑइडिस. त्याच्या शेंगेवर इतकी दाट लव असते की अंड्यातून नुकती निघालेली अळी सालीपर्यंत पोचताना अडकते. आपल्या शेतातल्या तुरीच्या शेंगेवर तसले जंगल नाही. उलट तिच्या सालीवर असे काही घटक आहेत की ते अळीला खायला प्रवृत्त करतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण टपोरा दाणा आणि चवदार डाळ निवडत आलो. त्या निवडीत काय गळून पडले, याचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही.

ही झाली कायम उभी असलेली तटबंदी. दुसरा प्रकार हल्ला झाल्यावर जागा होतो. १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन या अमेरिकी संशोधकांनी दाखवले की बटाट्याच्या किंवा टोमॅटोच्या एका पानाला भुंगेऱ्याने कुरतडले की झाडाच्या इतर, न कुरतडलेल्या पानांतही किडीचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात. मक्याचे पान अळीने खाल्ले की मका हवेत असे गंध सोडतो की त्या मागावर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या छोट्या गांधीलमाश्या येतात. हे १९९० मध्ये सिद्ध झाले. या लेखासाठी त्याहून महत्त्वाचा शोध २००१ चा आहे. अळ्यांनी खाल्लेली तंबाखूची झाडे रात्री एक वेगळे गंधमिश्रण सोडतात आणि तो वास आला की त्याच जातीची मादी पतंग तिथे अंडी घालायचे टाळते. मादी रात्री उडते, आणि झाडाची ती सूचनाही रात्रीचीच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्यात रानटी तंबाखूवर केलेल्या प्रयोगात दिसले की अंडी कमी पडणे आणि पडलेली अंडी शिकारी कीटकांनी खाणे, हे दोन्ही मिळून झाडावरच्या किडींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटू शकते.

या सगळ्यातून एक भेद समोर येतो आणि माझ्या मते आपल्या वादात तोच हरवला आहे. पतंगाने अंडी घालणे ही एक पायरी आणि अळी जगणे ही दुसरी. मादी झाडाचा वास, फुलोरा आणि लव पाहून ठरवते. अळीला मात्र पदरी पडलेल्या झाडावरच जगावे लागते. एखादा वाण मादीला आवडत नाही, पण अळी तिथे पोचली तर मजेत वाढते. दुसऱ्यावर अंडी ढिगाने पडतात, पण अळ्या खुरटतात. शेतात उभे राहून नुसत्या मोठ्या अळ्या मोजल्या तर या दोन वाणांतला फरक कळणारच नाही, आणि पुढच्या हंगामासाठी कोणता वाण कशासाठी निवडायचा हेही कळणार नाही.

आता फवारणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वात बळकट मुद्दा घेऊ. ते म्हणतात, झाड लढते हे मान्य, पण कीडही शिकते. हे अगदी खरे आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटेअळीच्या आतड्यातील पाचक विकरांवर दीर्घ काम झाले. त्यात दिसले की हरभऱ्यासारख्या नेहमीच्या पिकाच्या पचनरोधक प्रथिनांना ही अळी सरावलेली आहे. त्यांच्यावर मात करणारी विकरे ती स्वतःच्या पोटात तयार करते. तिच्या जवळच्या नात्यातल्या, अमेरिकेत आढळणाऱ्या दुसऱ्या एका बोंडअळीच्या लाळेत तर असे विकर सापडले आहे की ते तंबाखूत निकोटीन वाढण्याची प्रक्रियाच दाबून टाकते. भातातली गोष्टही विसरता येणार नाही. आयआर-२६ हा तपकिरी तुडतुड्यांना न जुमानणारा वाण १९७३ मध्ये आला आणि मोजक्या वर्षांत तुडतुड्यांनी त्याच्यावर मात केली. आणि ज्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, ज्याच्या तुरीत आज अळी आहे, त्याला झाडाच्या प्रतिकाराचे व्याख्यान ऐकवणे हा अन्याय आहे, हेही मी मानतो. आज अळीची संख्या नुकसानपातळीच्या वर असेल तर आज फवारणी करावी. यात दुमत नाही.

पण कीड शिकते हा दोष धरून झाडाचा प्रतिकार बाद करायचा, तर औषधाला वेगळा न्याय कसा? १९८७ मध्ये आंध्रातल्या कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारून फवारून माणसे थकली आणि हिरवी बोंडअळी मरेना. ती हीच, शास्त्रीय नावाने हेलिकोव्हर्पा, होती: आपली घाटेअळी आणि शेंगअळी. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारे जनुक घातलेली बीटी कपाशी आली. २०१० मध्ये गुजरातेत शेंदरी बोंडअळी तिच्या पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचे जाहीर झाले. २०१७ पर्यंत दोन जनुकांची कपाशीही विदर्भात पोखरली जाऊ लागली. त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. प्रत्येक वेळी आपण एकच जोरदार हत्यार घेतले, सगळीकडे, एकाच वेळी, वर्षानुवर्षे वापरले आणि कीड त्याला सरावली. आयआर-२६ कोसळला तोही याच कारणाने: एकाच जनुकाच्या जोरावर उभा वाण लाखो एकरांवर. दोष झाडाच्या प्रतिकारात नव्हता, एकाच गोष्टीवर सारी मदार ठेवण्यात होता. हरभऱ्याच्या रानटी पूर्वजांनी आंब, लव, जाड साल, फुलोऱ्याची वेळ असे अनेक अडथळे एकावर एक रचले. कीड त्यांतल्या एकदोन अडथळ्यांवर मात करते, सगळ्यांवर एकदम करणे तिला फार अवघड जाते. पुण्याच्या त्याच प्रयोगांतून पुढे काय निघाले, तेही सांगितले पाहिजे. अळीचा ज्यांच्याशी कधी संबंध आला नाही, अशा झाडांची पचनरोधक प्रथिने एकामागून एक वापरली तर तिची वाढ नीट रोखली जाते. सराव मोडायला विविधता लागते, हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले.

दुसऱ्या बाजूशी माझा वाद वेगळा आहे, आणि तो मी अधिक आपुलकीने करतो, कारण या मंडळींचा कल झाडाच्या बाजूने आहे. देशी वाण आपोआप प्रतिकारक असतात, हे त्यांचे गृहीतक अर्धेच खरे आहे. अर्धे खरे असे: २०११ मध्ये केनियातल्या संशोधकांनी दाखवले की मक्याच्या काही जुन्या स्थानिक वाणांवर खोडकिड्याच्या पतंगाने नुसती अंडी घातली, तरी ते वाण गंध सोडून परोपजीवी माश्यांना बोलावतात. म्हणजे अळी जन्मायच्या आधीच हाक. त्यांनी तपासलेल्या संकरित वाणांत ही हाक नव्हती. आणि तो खोडकिडा कोणता? कायलो पार्टेलस, आपल्या ज्वारी-मक्याचाच, आशियातून आफ्रिकेत गेलेला. त्यांच्या मक्यात जे सापडले ते आपल्या ज्वारीत आहे का, हे तपासण्याचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी खरे तर आपली. अमेरिकेतल्या मक्याच्या बहुतेक वाणांनी मुळांतून सोडायचा असाच एक गंध संकराच्या ओघात गमावल्याचे २००५ मध्ये उघड झाले. तेव्हा जुन्या वाणांत हरवलेले गुण असू शकतात, हे खरेच.

पण असू शकतात आणि असतात यांत अंतर आहे. ते अंतर मोजल्याशिवाय पार होत नाही. शिवाय झाडाचा प्रत्येक बचाव आपल्या फायद्याचा असतो असेही नाही. हरभऱ्याची आंब घाटेअळीला रोखते, पण तीच आंब ट्रायकोग्रामालाही रोखते. ही इवलीशी गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात अंडी घालते, तिची ट्रायको कार्डे आपण शेतात लावतो; हरभऱ्यावर मात्र तिचे काम जवळजवळ होतच नाही, कारण त्या आंबट पानावर तिला चालताच येत नाही. तेव्हा हरभऱ्यात ट्रायको कार्ड लावणाऱ्याचा पैसा वाया जातो, आणि हे त्याला कुणी सांगत नाही. लवाळ कपाशीवर तुडतुडे कमी येतात, पण बोंडअळीच्या पतंगाला अंडी घालायला तीच लव आवडते. एकाशी वैर, दुसऱ्याला आमंत्रण. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे तर मुळीच खरे नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये लेनापी नावाचा बटाटा प्रसारित झाला. त्याच्यात रानटी बटाट्याचे रक्त होते. तीन वर्षांत तो मागे घ्यावा लागला, कारण त्यात माणसालाही बाधणारी सोलानिनसारखी द्रव्ये फार होती. झाड आपल्या बचावासाठी विष करते, ते आपल्याला विचारून करत नाही. म्हणून देशी असो की संकरित, वाणाला परीक्षा हवी, पूजा नको.

यावर कृषी क्षेत्रातली जाणकार मंडळी एक आक्षेप घेतात आणि तो मला सर्वात गंभीर वाटतो. ते म्हणतात, घाटेअळीला पूर्ण प्रतिकारक असा तुरीचा किंवा हरभऱ्याचा वाण आजवर मिळालेला नाही. जो प्रतिकार आहे तो अर्धामुर्धा, आणि अर्ध्यामुर्ध्या प्रतिकारासाठी शेतकऱ्याने उत्पादन का सोडावे? पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागात हिशेब चुकतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. एका वाणावर मादीने शंभर अंडी घातली आणि त्यांतून वीस अळ्या मोठ्या झाल्या. दुसऱ्या वाणावर मादीला झाड थोडे नकोसे वाटले, सत्तरच अंडी पडली, आणि शंभरात वीसऐवजी बाराच अळ्या तगण्याइतके अन्न निकस निघाले. सत्तरातून आठ. वीसच्या जागी आठ! दोन्ही पायऱ्यांवरचा प्रतिकार अर्धामुर्धाच होता, पण त्यांचा गुणाकार झाला. हरभऱ्यात एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या ही फवारणीची पातळी धरली जाते. वीस आणि आठ यांच्यातला फरक म्हणजे अनेकदा एका फवारणीचा फरक. निकस पानावर वाढणारी अळी भूक भागवायला थोडे जास्त खाते, हेही नोंदवले पाहिजे, नाहीतर माझाच हिशेब लबाड ठरेल. पण ती हळू वाढते, लहान अवस्थेत जास्त दिवस राहते. त्या दिवसांत साळुंक्या-कोतवाल तिला टिपतात, माश्या तिला गाठतात आणि निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्हीसारखा विषाणू तिच्यावर लागू पडतो. मोठ्या अळीवर हे उपाय थिटे पडतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तेव्हा झाडाचा प्रतिकार आणि फवारणी हे एकमेकांचे शत्रू नाहीत. पहिला बळकट असेल तर दुसरी कमी लागते, वेळेवर करता येते आणि लागूही पडते.

शेतकरी हे मानणार नाही, त्याला उत्पादनच हवे, असेही म्हटले जाते. हे शेतकऱ्याला कमी लेखणे आहे. विजय, दिग्विजय हे हरभरे घरोघरी गेले, त्यात मर रोगाला दाद न देण्याचा गुण मोठा होता. बीएसएमआर ७३६ ही तूर मर आणि वांझ रोगाला टिकते म्हणून मागितली गेली. द्राक्षवाल्यांना तर हे शिकवायलाच नको. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा बसवल्या, तेव्हा औषधांनी त्या उभ्या राहिल्या नाहीत. त्या किडीला सोसणाऱ्या अमेरिकी वेलींच्या मुळांवर कलमे बांधून उभ्या राहिल्या. आज पंढरपूर-कासेगावच्या बऱ्याच बागा डॉगरिज या अमेरिकी खुंटावर आहेत. आपल्याकडे तो खारट पाणी आणि दुष्काळ सोसण्यासाठी घेतला, पण मुळाचा गुण विकत घेण्याची समज तीच. आणि निवड करण्याची नजर तर याच मातीत आहे. मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ ही रब्बी ज्वारी आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली, १९३० च्या दशकातली. इतक्या वर्षांनंतरही ती शेतात आहे, आणि खोडमाशीला ती बऱ्यापैकी सोसते हे तिच्या टिकण्याचे एक कारण आहे. सोनाका द्राक्ष नान्नजच्या शेतकऱ्याने आपल्या बागेत ओळखले. गुण दिसला की आपला माणूस तो उचलतो. त्याला तो दाखवला तर पाहिजे.

आणि इथेच आपली व्यवस्था कमी पडते. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती असते, शुद्धता असते, लॉट क्रमांक आणि मुदत असते. किडीबद्दल एक ओळ नसते. अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत वाणांवर कीड किती आली याच्या नोंदी होतात, नाही असे नाही. पण त्या अहवालांत राहतात, आणि त्यांत बहुधा पोखरलेल्या शेंगांची टक्केवारी असते, अंडी आणि लहान अळ्यांचा वेगळा हिशेब क्वचित. माझी मागणी एवढीच: तूर, हरभरा, मका आणि रब्बी ज्वारीच्या प्रत्येक शिफारशीत वाणनिहाय दोन आकडे द्यावेत. फुलोऱ्यात झाडामागे अंडी किती, आणि त्यांतून मोठ्या झालेल्या अळ्या किती. हे आकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शेतातले नकोत, आपल्या तालुक्यातले हवेत, कारण कोरडवाहू दक्षिण सोलापूर आणि कालव्याच्या पाण्यावरचा माळशिरस यांत झाडाची प्रकृतीच वेगळी. युरियाने लुसलुशीत झालेल्या मक्यात आणि पाण्यासाठी आसुसलेल्या तुरीत तोच वाण तसाच वागेल, असे धरता येत नाही. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम दिसलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी आपल्या मक्यात आली. मुरघासासाठी मका लावणारे दूध उत्पादक तेव्हापासून पोंग्यात औषध सोडत आहेत, आणि कोणता मका तिला किती सोसतो, हे त्यांना विक्रेत्याच्या तोंडी शब्दावरच मानावे लागते.

यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. कृषी विज्ञान केंद्राच्या एका प्रात्यक्षिक प्लॉटमध्ये चार वाणांच्या शेजारी शेजारी ओळी, बाजूला फवारणीविना ठेवलेला एक तुकडा, कामगंध सापळ्यात पतंग पडू लागले की दर तिसऱ्या दिवशी ठरावीक झाडांवरची अंडी आणि अळ्या मोजणारी चारपाच माणसे, आणि फलकावर लिहिलेले आकडे. मोजायला भिंग लागते आणि सकाळचा वेळ लागतो. कृषी पदविकेची मुले हे काम शिकतही जातील. आज प्रात्यक्षिक म्हणून जे होते त्यात औषध मारलेला प्लॉट आणि न मारलेला प्लॉट एवढीच तुलना असते, वाण दोन्हीकडे एकच. त्यातून औषधाचा गुण कळतो, झाडाचा नाही. हा बदल तालुका पातळीवर याच रब्बीत करता येईल, आणि तो करायचा की नाही हे ठरवणारी माणसे मुंबईत नाहीत, सोलापुरातच बसतात.